कोपराखाली चार बोटं

त्यांच्या घरी मी भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, की गाव विचारलं नाही. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभ्या उभ्या मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "मास्तरांनु, कोपर वाकडा करा बघया."

मला वाटलं, हाताला काही लागलंय की काय ते बघतायत. मी हात वाकवला. त्यांनी कोपऱ्यातल्या खराट्यातून माडाच्या पातीचा एक लांब हीर उपसला, जमिनीपासून माझ्या कोपरापर्यंत उभा धरला, नखाने मोडला आणि घरात गेले. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने एक रेघ ओढली. तिथे आधीच पंधरा-वीस रेघा होत्या. पोरांची उंची अशी मोजलेली मी पाहिली होती. इथे मात्र आल्यागेल्या प्रत्येकाच्या कोपराची नोंद केलेली होती. आतून त्यांच्या बायकोचा, काकींचा, आवाज आला, "मेजून झाला काय? मगे त्यांका पाणी तरी देवा."

ही साठ सालच्या आधीची गोष्ट. मी देवगडकडचा. मालवण तालुक्यातल्या त्या खाडीकाठच्या गावात मराठी शाळेवर नवाच लागलो होतो. माझा डावा पाय लहानपणच्या तापात बारीक झाला आहे. चालताना मी त्या अंगाला झुकतो. खोली बघायला कुठेही गेलो की लोक आधी पायाकडे बघत आणि मग "जिना चडूक जमतला काय?" असं फार आपुलकीने विचारत. या माणसाने कोपर विचारलं. मी खोली तिथेच घेतली.

गाव त्यांना आबा म्हणायचं. मीही आबाच म्हणतो. त्यांच्याबद्दल त्या गावात अजून एक गोष्ट सांगितली जाते: म्हाताऱ्याने वर्षानुवर्षं खपून एक टेबल केलं, आणि मुलावरच्या रागापायी एके सकाळी करवत घेऊन त्याचे चारही पाय कापून टाकले. ही गोष्ट खरी नाही. पाय कापले हे खरं, बाकीचं खोटं. खरं काय ते एका माणसाला ठाऊक होतं आणि तो बोलला नाही. तो मी.

आबा मुंबईच्या गोदीत जहाजांच्या डागडुजीवर सुतार होते. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा बरोबर ट्रंक, वळकटी आणि गोणपाटात गुंडाळलेलं एक विलायती यंत्र घेऊन आले. कुठल्याशा परदेशी बोटीवरचं सामान लिलावात निघालं, त्यात त्यांनी ते घेतलेलं. नारळाएवढं, दोन बाजूंना दोन मुठी आणि टोकाला बोटभर पातं. विजेवर ते पातं असं गरगरतं की लाकडाच्या कडेला हवी तशी खाच पडते, नक्षी उठते. आबा त्याला राउटर म्हणत. गाव भोवरा म्हणायचं.

गावात वीज नव्हती.

कोणी तसं म्हटलं की आबा म्हणत, "येतली. तवसर टेबल होवक व्हया मा?" कारण ते यंत्र हातात धरून लाकडावर फिरवायचं असतं, आणि तो प्रकार त्यांना मुळातच पसंत नव्हता. त्यांनी ठरवलं होतं की यंत्र टेबलाखाली उलटं टांगायचं, पातं तेवढं भोकातून वर काढायचं आणि लाकूड त्याच्या कडेने सरकवत न्यायचं. दोन्ही हात मोकळे. लोक येत, टेबलाखाली वाकून लटकलेलं यंत्र बघत, आणि एखादा म्हणेच, "आबानु, ह्या वटवाघूळ केदना उडतला?"

टेबल फणसाचं. फळ्या जोडल्या आणि एक पावसाळा तशाच ठेवल्या, कारण त्या कुठे फुगतात ते बघायचं होतं. दुसऱ्या वर्षी पाय. तिसऱ्या वर्षी कडा गोल केल्या. येता-जाता मांडीला टोक लागतं म्हणून. खाली पाय टेकायला आडवी दांडी. बटण गुडघ्यापाशी, कारण दोन्ही हात लाकडात गुंतलेले असताना यंत्र बंद करायचं झालं तर गुडघाच काय तो मोकळा. आणि खोली अरुंद म्हणून उजवीकडच्या भिंतीत एक भोक पाडलं. लांब पट्टी डावीकडून सरकवत न्यायची, ती पलीकडे भोकातून बाहेर निघेल. मातीच्या भिंतीला भोक पाडलं त्या दिवशी काकी जेवल्या नाहीत.

सगळ्यात मोठी चर्चा उंचीची. आबांचं म्हणणं, उभ्याने काम करायचं टेबल कोपराखाली चार बोटं असावं. त्याहून वर गेलं की खांदे भरून येतात, खाली गेलं की कंबर जाते. "टेबलान माणसाक मेजूक व्हया," ते म्हणत, "माणूस टेबलाक मेजता तो उगाच."

पण आबा स्वतः ठेंगणे. आणि ते टेबल त्यांच्या जवळजवळ छातीला लागायचं. त्यावर काम करताना ते जेवायचा एक जाड पाट पायाखाली घेऊन उभे राहायचे. शेजारची माणसं हसायची, "सवताच्या टेबलाक सवता पुरणा नाय!" आबाही हसायचे. दाराच्या चौकटीवर सगळ्यात वर एक रेघ होती, तिच्याखाली बरोबर चार बोटांवर त्या टेबलाची उंची होती. ती रेघ त्यांच्या मुलाची.

मुलगा मुंबईत, एका कारखान्यात सुतारच होता. उंच, बापाला न शोभणारा. आबांचं स्वप्न साधं होतं. वीज येईल, मुलगा येईल, दोघं मिळून दारं, खिडक्या, तसबिरींच्या चौकटी करतील. मालवणपासून देवगडपर्यंत कोणाकडे असं यंत्र नाही. मुलाने हे स्वप्न ऐकून घेतलं होतं. हो म्हटलं होतं की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

वीज नसताना आबा संध्याकाळी तालीम घ्यायचे. मी शाळेतून आलो की म्हणत, "येवा मास्तरांनु, वीज इल्यार शिकूक वेळ गावाचो नाय." मी डावीकडून पट्टी सरकवायची, थांबलेल्या पात्यापाशी हात कसा ठेवायचा ते ते दाखवणार, आणि यंत्राचा आवाज तोंडाने स्वतः काढणार. "घर्रर्र... दाबू नुकात... घर्रर्र... हां, आता सोडा." पट्टी भिंतीच्या भोकातून बाहेर गेली की काकी खळ्यातून ती परत आणून देत. "ह्या घेवा तुमचा फर्निचर," म्हणत.

आमच्या त्या गावात गावपळणीची रीत आहे. काही वर्षांनी देवाचा कौल घेतात आणि कौल झाला की सगळा गाव तीन दिवस-रात्री घरं सोडून वेशीबाहेर झोपड्या बांधून राहतो. गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळं बरोबर न्यायचं. जीव म्हणून गावात मागे ठेवायचा नाही. मी तिथे असताना पळण झाली. वेशीवर गावचे मानकरी उभे होते. आमची बैलगाडी आली. गाडीत काकींच्या कोंबड्या, एक शेळी, भांडी, माझी वळकटी, आणि आबांच्या मांडीवर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी.

"आबानु, ह्या काय?"

"भोवरो."

"जीव आसा ता न्हेवचा. निर्जीव कित्याक?"

"ह्येका जीव येवचो आसा," आबा गंभीरपणे म्हणाले. "पोटात आसा तो मागे ठेवतत काय?"

मानकरी काही बोलायच्या आत काकी कोंबडीचे पाय बांधता बांधता म्हणाल्या, "जावंदे हो तेंका. इतकी वर्सा पोटुशी आसत, सुटका केदना होताहा ती देवाक म्हायत."

गाडी सोडली गेली, पण हसू तिन्ही दिवस पुरलं. बायका फुगड्या घालताना आबांना "बाळंतीण" म्हणून हाका मारत.

त्या झोपडीतली एक दुपार मला विसरता येत नाही. मी चटईवर बसून वहीवर काहीतरी लिहीत होतो. आबा बाजूला विडी ओढत होते. मध्येच हीर काढून त्यांनी बसल्या बसल्या माझं कोपर मोजलं. मी म्हटलं, "आबा, मोजलंय ना एकदा?" तर म्हणाले, "तो उबो मास्तर. हो बसलेलो." आणि हीर मोडून कानामागे ठेवला. मी लिहीत राहिलो.

पुढे वीज आली. खांब आले, तारा आल्या, आणि ज्या दिवशी आबांच्या घरात बटण लागलं त्या दिवशी निम्मा गाव खळ्यात. मुलाला बोलावणं गेलं होतं. रजा मिळाली नाही असं त्याने कळवलं. देवळातल्या मानकऱ्याने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, आज हो जो भोवरो सुरू होता, त्येच्या मदी खंयची नड-अडचण येवक नुको रे महाराजा!" आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ दिली. आबा पाटावर चढले. गुडघ्याने बटण दाबलं. यंत्राने आवाज केला, तो आबा तोंडाने काढायचे त्याच्या दसपट. पोरं पळाली. आबांनी तालमीतल्यासारखी पट्टी डावीकडून सरकवली.

पट्टी त्यांच्या हातातून सुटली आणि भिंतीच्या भोकातून बंदुकीच्या गोळीसारखी बाहेर गेली.

 मग पलीकडच्या खळ्यातून शेजारणीचा आवाज आला, "गो बाय माजे! माज्या सोलांत ह्या लाकूड खंयसून पडला?"

कोणाला लागलं नव्हतं. उन्हात घातलेली आमसुलं तेवढी उधळली होती. आबांनी यंत्र बंद केलं, पाटावर बसले आणि आपला तळहात उपडा-उताणा करून बघत राहिले. मग म्हणाले, "यंत्र उलटा टांगलंय, मगे दिशाव उलटी जातली मा. इतकी वर्सा ह्या माज्या टकल्यात इलाच नाय." म्हणजे पट्टी उजवीकडून डावीकडे सरकवायला हवी होती. आमची सगळी तालीम उलटी झाली होती. आणि डावीकडे भिंत नव्हती, स्वयंपाकघराचं दार होतं.

"म्हणजे आता लाकडा सरळ माज्या चुलीकडे येतली?" काकी म्हणाल्या. "पयल्यांदाच कायतरी बरा केलात."

त्यानंतरच्या पावसाळ्यात काकी गेल्या. चार दिवसांचा ताप. मुलगा कार्याला आला. तेरावं झाल्यावर संध्याकाळी आबा त्याला टेबलापाशी घेऊन गेले. मी दारात होतो.

"उबो रवान बघ," आबा म्हणाले.

तो उभा राहिला. हात ठेवले. टेबल त्याला असं बसलं जसा अंगचा सदरा. कोपराखाली चार बोटं. त्याने कडेवरून हात फिरवला, खालच्या दांडीवर पाय टेकवला. तो सुतार होता. त्याला कळलं असणार की हे किती निगुतीने केलं आहे. कळलं म्हणूनच बहुतेक त्याने तेव्हाच सांगितलं, "बाबा, माका मुंबयतच रवाचा आसा. खोली बघितलंय."

"बरा," आबा म्हणाले.

एवढंच. दुसऱ्या दिवशी त्याला एसटीपर्यंत पोचवून आले.

पुढच्या महिन्यात एका सकाळी शेजाऱ्यांना करवतीचा आवाज ऐकू आला. मी शाळेत होतो. संध्याकाळी येताना वाटेतच दोघांनी सांगितलं, "आबान झिलाचो राग टेबलावर काडल्यान. पाय कापून टाकल्यान." मी शक्य तितक्या घाईने घरी आलो. टेबल गुडघ्यावर आल्यासारखं बुटकं झालं होतं. आबा केर काढत होते. टेबलासमोर एक नवं स्टूल होतं.

"बसा मास्तरांनु," ते म्हणाले.

मी बसलो. हात टेबलावर ठेवले. कोपराखाली चार बोटं.

मला सांगायला हवं की वीज आल्यापासून संध्याकाळचा मी त्या टेबलावर मुलांच्या पाट्यांच्या चौकटी करत असे. शाळेत निम्म्या पाट्यांच्या चौकटी तुटक्या असायच्या. काम मला फार आवडे, पण एका पायावर भार टाकून उभं राहिल्याने रात्री मांडी ठणकायची. मी ते कधी बोललो नव्हतो. आबांनीही माझ्या पायाबद्दल त्या सगळ्या वर्षांत एक शब्द काढला नव्हता, आणि त्या संध्याकाळीही काढला नाही. म्हणाले, "टेबल रिकामा रवता ता बरा न्हय. लाकडाक कळता."

"पण आबा, तो आला तर?"

तेव्हा त्यांनी कोपऱ्यातून चार तुकडे आणले. कापलेल्या पायांचे. प्रत्येकाच्या वरच्या तोंडात एक गोल खुंटी पक्की बसवलेली होती, आणि टेबलाच्या कापलेल्या पायांना खालून तेवढीच भोकं पाडलेली. "टेबल बसयलंय," ते म्हणाले. "तो इलो की उठवूया. हे तुमच्या ट्रंकेत ठेवा. हयसर वाळवी लागतली."

मी तुकडे ट्रंकेत ठेवले. गाव हसत राहिला, कोणी कोणी हळहळलंही. एकदा मी म्हटलं, "आबा, लोकांना खरं काय ते सांगा ना." ते पट्टी तासत होते. मान वर न करता म्हणाले, "काय सांगू? तुमचो पाय?"

म्हणजे माझ्या लाजेखातर तो माणूस तऱ्हेवाईक बाप म्हणवून घेत राहिला. आणि मी घेऊ दिलं. दोन वर्षं आम्ही रोज संध्याकाळी तिथे काम केलं. मी बसून, ते बाजूला नुसते उभे. पाट लागत नव्हता आता त्यांना. "घर्रर्र" अजून तोंडाने करायचे, खऱ्या यंत्राच्या आवाजावर. त्या दोन वर्षांइतकं सुख मला पुढे संसारातही क्वचित मिळालं.

आबा झोपेत गेले. मुलगा आला. खळ्यात माणसं बसलेली. तो आत जाऊन टेबलापुढे उभा राहिला. कोणीतरी त्याला पाय कापल्याचं आधीच सांगितलं असावं. खाली वाकून त्याने एका पायाच्या टोकावर बोट फिरवलं. खालचं भोक त्याला दिसलं नाही. ते जमिनीला टेकलेलं होतं. बाहेर येऊन माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "मास्तरांनु, टेबलाचे खंय, बापाशीन माजेच पाय कापल्यान."

माझी ट्रंक दहा पावलांवर होती. उठायचं, चार तुकडे आणायचे, त्याच्या हातात द्यायचे. पण खळ्यात माणसं होती. टेबल का कापलं, हे त्यांच्यासमोर सांगायचं म्हणजे माझा पाय सर्वांसमोर मांडायचा. मी म्हटलं, उद्या सांगू. आणि मग तोच म्हणाला, "तुमका व्हया तर घेवन जावा ता. माका बघूकसुद्दा नुको."

मी "बरं" म्हटलं.  मला ते टेबल हवं होतं. खरं सांगितलं असतं तर त्याने ते ठेवून घेतलं असतं. तो सकाळच्या गाडीने गेला, दाराला कुलूप लागलं. माझी बदली झाली, टेबल माझ्याबरोबर आलं. पुढे मी जिथे जिथे गेलो तिथे ते आलं, आणि ट्रंकही आली. त्याचा मुंबईतला पत्ता मिळवणं अवघड नव्हतं. मी मिळवला नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सहज सांगितलं की आबांचा मुलगा बायको गेल्यावर गावी परत आला आहे, घर उघडलं आहे, एकटाच असतो. मी आता ऐंशीच्या पुढे, तो माझ्याहून दोन-चार वर्षांनीच लहान. मी टेम्पो केला, टेबल घातलं आणि ट्रंकेतले तुकडे पिशवीत घेऊन पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो.

तो खळ्यातच होता. पाठीत वाकलेला. टेम्पोतून टेबल उतरवताना बघत राहिला. मी आधी बोललो. उभ्यानेच, सगळं, न थांबता. पायासकट. आणि माझ्या "बरं"सकट.

 त्याने टेम्पोवाल्याच्या मदतीने टेबल उपडं केलं. खालची चार भोकं बघितली. पिशवीतला एकेक तुकडा घेऊन पायाशी धरून फिरवत राहिला. फणसाच्या पिवळ्या रेघा ज्या पायाशी जुळल्या, त्या पायात तो तुकडा ठेवून वरून हलकेच ठोकायचा. तीन बसले. चौथा जरा सैल होता. त्याने माडाच्या हिराचा एक तुकडा मोडून खुंटीला लावला आणि तो बसवला. मग टेबल उभं केलं.

"बापाशीचीच खुंटी," तो म्हणाला. "कड कशी गोल तासलेली, बघितलात मा?" 

तो टेबलापुढे उभा राहिला, कोपर वाकवलं. टेबल कोपराच्याही वर येत होतं. इतक्या वर्षांत त्याची पाठ वाकली, कोपर खाली आलं. दाराच्या चौकटीवरची रेघ त्याच्या खांद्याकडे सरकली होती. मी बघत होतो; मला वाटलं, मी आणलं तेही उशिरा आणलं. लाकडाला काय, त्याच्या मापाचा माणूस मिळायला हवा, तो मी घालवला.

तो आत गेला. आतून भांडी हलवल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा हातात जेवायचा जाड पाट होता. तोच, मधोमध झिजून गुळगुळीत झालेला. त्याने तो टेबलासमोर ठेवला, टेबलाच्या कडेला धरून जपून वर चढला आणि हात वाकवला.

"मास्तरांनु, बघा."

मी जवळ गेलो आणि त्याचं कोपर व टेबल यांच्या मध्ये माझी बोटं धरली. चार बसली.

तो तसाच उभा राहिला, बापाच्या पाटावर, बराच वेळ. मग एकदम काही सुचल्यासारखं त्याने इकडेतिकडे बघितलं आणि काळजीने विचारलं, "पण मगे तुमी खंय बसतलात?"